काळी चार

ठोक्याकाकाला पेटीत ठेवला, पण त्याच्या बोटांवरच्या चिकटपट्ट्या कोणी काढल्याच नाहीत. ड्रमच्या काठ्या धरून धरून अंगठ्याच्या मुळाशी सोलून निघायचं, म्हणून तो बारा महिने पट्ट्या लावून असायचा. हे आधी भिंगरीला दिसलं, आणि मग तिला दुसरं काही दिसेनाच. तोंडाला पावडर, गळ्यात टाय, केस एका बाजूला चापून बसवलेले. हा कोण शेठ झोपलाय इथे? हात मात्र त्याचेच होते.

"निदान हात तरी नीट करायचे," आई पुटपुटली.

"राहू दे ताई," त्याची बायको, काकू, म्हणाली. "तेवढेच ओळखीचे वाटतायत."

चर्च भरायला अजून वेळ होता. एक म्हातारा खुर्च्या सरळ करत होता आणि सरळ केलेली खुर्ची परत वाकडी करत होता. पेटी व्यासपीठासमोर. डाव्या हाताला ऑर्गन, मधे ठोक्याकाकाचे ड्रम, त्याच्या रिकाम्या स्टुलावर कोणीतरी ठेवलेली फुलं, आणि ड्रमच्या पलीकडे भिंगरीची जागा. तिचा बास गिटार तिथे स्टँडवर उभा होता. तिने शाळा सोडली त्या वर्षी ठोक्याकाकानेच तो तिच्या गळ्यात अडकवला होता. "पुस्तकात डोकं चालत नाही ना, मग बोटं चालव," म्हणाला होता.

बाबा केव्हाचे ऑर्गनच्या बाकावर जाऊन बसले होते. वाजवत नव्हते. रुमालाने एकेक पट्टी पुसत होते, पुसून झालेली पुन्हा पुसत होते. बुधवारपासून ते कोणाशी धड बोलले नव्हते.

"घरच्यांनी जरा आत या," मोठे काका म्हणाले.

बाबांनी मान वर केली नाही. त्यांना कोणी हात लावून उठवलंही नाही.

*

आत म्हणजे कॉयरचे झगे टांगायची खोली. मोठे काका कॉयर चालवतात, आणि त्यांची समजूत अशी की घरही तेच चालवतात. त्यांनी दार लावलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोला. बाहेर तो बसलाय."

भिंगरीला हसू फुटलं. मेलेल्या माणसाच्या घरात फुटतं तसलं, नाकातून.

"दात काढायला काय झालं?"

"काही नाही. तुम्ही बोला, मोठे काका. हळू बोला."

"मी सरळच सांगतो. आज ऑर्गनवर लाडोबा बसेल."

लाडोबा म्हणजे त्यांचा मुलगा. खिडकीशी उभा राहून तो बूट पुसत होता. घरी खऱ्या नावाने कधी कोणी हाक न मारलेलं, असं लाडकं पोर. वाईट एवढंच की तो खरंच चांगला वाजवायचा. भिंगरीला ते कबूल करताना दरवेळी दात खायला लागायचे.

"का?" ती म्हणाली.

"का काय? परवा तालमीत काय झालं ते तू ऐकलंस ना? बायका एका पट्टीत आणि तुझा बाप भलतीकडेच. तीन गाणी. तीनही."

"भाऊ गेलाय त्यांचा! तुमचाही गेलाय. तुम्ही कुठे सुरात होतात?"

"भिंगरे," आई म्हणाली.

"माझा सूर मला कळतो," मोठे काका म्हणाले. "त्याचा त्याला कळत नाहीये. कान जड झालेत त्याचे. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. आज गाव लोटणार आहे. आज फजिती झाली तर ती आयुष्यभर पुरेल. मी त्याच्या भल्याचं बोलतोय."

"तुमचं भलं बरोब्बर तुमच्याच घरात येऊन बसतं बघा."

लाडोबाने बुटावरून नजर काढली नाही. "मला हौस नाहीये," तो म्हणाला. "पप्पा म्हणाले म्हणून."

"मग नाही म्हण ना!"

"पुरे," आई म्हणाली. ती झग्यांच्या रांगेला टेकून उभी होती आणि तिचा आवाज घोगरा होता. गेली काही वर्षं तो घोगराच होता. "लाडोबाला बसू दे."

भिंगरीने वळून पाहिलं. "आई?"

"बसू दे म्हणतेय. मी ह्या माणसाशी ओरडून बोलते. मीठ मागायचं तर ओरडून, झोपा म्हणायचं तर ओरडून. शेजाऱ्यांना वाटतं आमच्याकडे रोज भांडण. आणि दर रविवारी मी इथे पहिल्या रांगेत बसते ती त्या बोटांवर डोळे रोवून. आज चुकेल, आज चुकेल. मला नको झालंय गं. एकदाचं संपू दे."

मोठ्या काकांना आधार मिळाला. त्यांनी मान अशी डोलावली, जणू आईला आपणच बोलायला शिकवलं. दोन मतं झाली. भिंगरीने खोलीत तिसरं माणूस शोधलं.

काकू आरशासमोर उभी राहून डोक्यावरची काळी जाळी पिनांनी बसवत होती. दोन पिना तिच्या ओठात होत्या. त्या तशाच ठेवून ती म्हणाली, "भाऊजीच वाजवतील."

"तू विचार कर जरा," मोठे काका म्हणाले. "तू गाणार आहेस. तुझंच गाणं मोडेल."

"त्यांना भाऊजींचाच ऑर्गन आवडायचा. दादा वाजवायला लागला की माझे हात आपोआप चालतात, म्हणायचे. त्यांना पोचवायला दुसरं कोणी नको. लाडोबा, राग नको मानूस रे."

"नाही काकू."

तिथेच संपायला हवं होतं. भिंगरीला पुढे कितीतरी वेळा वाटलं की तिथेच दार उघडून बाहेर पडायला हवं होतं. पण तिच्या जिभेला हाडही नव्हतं आणि लगामही नव्हता. आणि लाडोबाने बुटाची दुसरी बाजू पुसता पुसता म्हटलं,

"आणि खुणा कोण करणार? तू?"



ह्या चर्चमध्ये गाणाऱ्याने आधी पट्टी सांगायची रीत नाही. बाई उठते, डोळे मिटते, आणि तोंड उघडेल तिथून सुरू करते. वाजवणाऱ्यांनी धावत जाऊन ती पट्टी पकडायची. ज्याला आधी सापडेल त्याने बाकीच्यांना बोटं दाखवायची. बोटं वर म्हणजे पांढरी, बोटं खाली म्हणजे काळी. चार वर, पांढरी चार. तीन खाली, काळी तीन. सगळेच एकमेकांना दाखवतात, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं. त्यांच्यात एक माणूस नुसता बघतो आणि स्वतः कधीच बोटं दाखवत नाही, हे फक्त आपल्यालाच दिसलंय, असं भिंगरीला वाटायचं. तिने एकदा ठोक्याकाकाला कोपऱ्यात गाठून विचारलं होतं, "बाबांना काहीच ऐकू येत नाही ना?"

"येतं की," तो म्हणाला होता. "बाकातून येतं. त्याचं बूड माझ्या कानापेक्षा तयार आहे." मग हसणं थांबवून त्याने तिचं मनगट धरलं होतं. "कोणाला बोललीस तर बघ."

आता लाडोबा म्हणत होता, "काका करायचा तशा. मी मागेच कीबोर्डवर बसतो ना. मला काय दिसत नाही का?"

"हो! करायचा!" भिंगरी ओरडली. "दर रविवारी करायचा, दर गाण्याला करायचा. बाबांना शष्प ऐकू येत नाही आणि तरी ते तुझ्यापेक्षा बरे वाजवतात, कारण काकाने त्यांना कधी एकटं सोडलं नाही! त्या फिरत्या बँडवाल्यांनी बोलावलं तेव्हा का नाही गेला तो? बाबांसाठी नाही गेला! मी गेलो तर दादाचे कान जातील, म्हणाला मला. रात्रपाळी करून घरी न जाता तसाच इथे यायचा तो, झोप नाही, अन्न नाही. असा भाऊ होता. आणि तुम्ही? तुम्ही कोणते भाऊ?"

मोठे काका जमिनीकडे बघायला लागले. भिंगरीला बरं वाटलं. दणका बसला म्हणून.

मग पिन पडल्याचा आवाज आला. खरोखरच पडली होती. काकूच्या ओठातून, फरशीवर.

"काय म्हणालीस?" काकू म्हणाली.

"मी... काही नाही."

"बँडचं काय म्हणालीस?"

भिंगरीने एक पाऊल मागे घेतलं. तिच्या अंगातला जाळ एकदम विझला.

काकू आरशातूनच तिच्याकडे बघत होती. "मी बॅग भरली होती," ती म्हणाली. "दोघांची. मी पाया पडले होते त्यांच्या. ह्या बर्फाच्या कारखान्यातून सुटू, रात्रपाळी सुटेल, माणसासारखे झोपाल. मला म्हणाले, मला हे चर्च सोडवत नाही. चर्च. मी देवावर रागावले होते. दोन वर्षं मी देवाशी अबोला धरला."

"काकू..."

"आणि बुधवारी ट्रकखाली आले ते कारखान्यातून इथेच येताना. म्हणजे..." तिने वाक्य तिथेच ठेवलं.

आई पुढे आली. "अगं, पोरगी रागाच्या भरात काहीतरी..."

"तुम्हाला माहीत होतं, ताई?"

आई झग्यांकडे वळली आणि सरळच असलेला एक झगा सरळ करायला लागली.

मोठ्या काकांनी घसा साफ केला. "मग ठरलं तर. लाडोबा बसतो."

"नाही," काकू म्हणाली. वाकून तिने पिन उचलली, जाळीत खोचली. "पेटीत माझा नवरा आहे. मी ठरवणार. भाऊजीच वाजवतील."

मघाशी म्हणाली होती तेच वाक्य. शब्दाला शब्द. भिंगरीला वाटलं, जिंकलो.

*

चर्च खच्चून भरलं. मागे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बर्फाच्या कारखान्यातले पाचसहाजण आले होते, कधी चर्चमध्ये न आलेले, टोप्या हातात चुरगाळत.

पास्टर बोलले तोवर सगळं ठीक चाललं. प्रवचनाच्या मागे ऑर्गन भरत जायचं हे बाबांचं खास काम. पास्टरच्या मानेच्या शिरा फुगल्या की ते सूर चढवायचे, खांदे पडले की उतरवायचे. मोठे काका हात बांधून उभे होते, आणि त्यांचाही चेहरा जरा सैल झाला. पहिल्या रांगेत आई पदराचं टोक पिळत होती. पास्टरने आमेन म्हटलं, आणि बाबांनी बरोब्बर त्या आमेनखाली सूर टेकवला. भिंगरीला वाटलं, हा माणूस जगातल्या सगळ्या कानवाल्यांना पुरून उरेल.

मग काकू उठली.

ती व्यासपीठावर चढली, पेटीकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले. नदीपलीकडच्या घराचं ते गाणं तिचं ठरलेलं होतं. चर्चमधला प्रत्येक माणूस तिच्या तोंडून ते ऐकूनच रडला होता कधी ना कधी. तिने एकटीने सुरुवात केली. भिंगरीने तारेवर बोट ठेवून पाहिलं, आणि चार बोटं वर धरली. पांढरी चार.

ड्रमच्या वरून बाबांनी तिचा हात पाहिला, आणि ऑर्गन काकूच्या आवाजाखाली असा येऊन बसला की मागून कोणीतरी "हो प्रभू" म्हणालं.

पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याला काकूने पट्टी अर्ध्या सुराने चढवली. ह्या गाण्यात चढवतातच. तीन बोटं खाली, काळी तीन. बाबा चढले. तिसऱ्याला पुन्हा. पाच बोटं वर. बाबा चढले. लोक उठून उभे राहिले. कारखान्यातला एक जण टोपीत तोंड घालून रडत होता. लाडोबासुद्धा आपल्या कीबोर्डमागे डोलत होता. भिंगरीची बोटं तारांवर पळत होती आणि तिच्या मनात आलं, ठोक्याकाका, बघ, जमतंय मला.

चौथं कडवं यायचं होतं. काकूने डोळे उघडले.

ती चालत आली. गाता गाता, माईक हातात घेऊन, सावकाश, जशी गाणारी बाई व्यासपीठावर फिरते तशी. आली आणि ड्रमपुढे उभी राहिली. बरोब्बर मधे. बाबांकडे पाठ, भिंगरीकडे तोंड.

भिंगरी डावीकडे सरकली. काकू डावीकडे सरकली.

भिंगरीने उजवीकडे व्हायला पाहिलं, तर गिटारची वायर ताणली, आणि काकूचा काळा झगा तेवढाच उजवीकडे आला. तेव्हा तिने काकूच्या डोळ्यात पाहिलं. तिथे पाणी नव्हतं. मघाशी आरशात होते तेच डोळे.

"काकू, नको," ती म्हणाली. नुसत्या ओठांनी.

काकूने श्वास घेतला आणि चौथं कडवं उचललं. काळी चार.

बाबांना ना तिचे ओठ दिसत होते ना भिंगरीची बोटं. त्यांनी क्षणभर मान तिरकी करून वाट पाहिली. खूण आली नाही, म्हणजे पट्टी बदलली नाही. त्यांनी डोळे मिटले, आणि धाकट्या भावासाठी दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, होतं नव्हतं ते सगळं ओतलं. पांढरी पाचमध्ये.

पांढरी पाच आणि काळी चार ह्या अगदी शेजारच्या पट्ट्या. आणि शेजारी भांडतात तेव्हा लांबच्यांपेक्षा वाईट भांडतात. पहिल्यांदा लोकांना कळलंच नाही. मग टाळ्या चुकल्या. मग थांबल्या. कोणाच्या तरी लहान मुलाने कानावर हात ठेवले. काकू गातच राहिली, स्वच्छ, ठाम, एक सूर न ढळता, आणि तिच्या मागे बाबा तितक्याच प्रेमाने तिचं गाणं चिरत राहिले.

भिंगरीसमोर दोन वाटा होत्या. अख्ख्या चर्चला माहीत होतं बरोबर कोण आहे. काकूबरोबर गेली असती तर बास बरोबर वाजला असता. तिने मान वाकवली आणि बाबांबरोबर राहिली. चुकीत चूक.

मोठ्या काकांनी पलीकडून तिला हात केला: सोड, बदल. तिने बघितलं नाही. मग त्यांनी लाडोबाकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. ऑर्गनची वायर भिंतीत जाते तिथे, लाडोबाच्या पायापाशी. लाडोबाने मान हलवली. नाही. त्याने पहिल्या रांगेत आईकडे पाहिलं.

आईने डोळे मिटून मान खाली केली. हो.

लाडोबा वाकला.

ऑर्गन एकदम गेला नाही. त्याच्या पोटात चाकं फिरतात. ती फिरायची थांबेस्तोवर सूर खाली खाली घसरत गेला आणि विझला. काकूही थांबली. तिच्या तोंडातली ओळ अर्धीच राहिली.

आणि बाबा वाजवत राहिले.

सगळं चर्च बघत होतं. मिटलेले डोळे, मागे गेलेली मान, मुक्या पट्ट्यांवर पडणारी बोटं. नुसता पट्ट्यांचा लाकडी टकटकाट ऐकू येत होता, आणि पायपट्ट्यांवर बुटांचा. त्याखाली एकच आवाज उरला होता, भिंगरीच्या बासचा. त्याने खालची लाकडी जमीन हलत होती, जमिनीवरचा बाक हलत होता, आणि म्हणून बाबांना वाटत होतं की गाणं चालू आहे.

जड कान आणि मेलेले कान ह्यातला फरक आता सगळ्यांना समजला. शेवटच्या रांगेतल्यालाही. फक्त एका माणसाला माहीत नव्हतं की सगळ्यांना माहीत आहे, आणि भिंगरी वाजवत होती तोवरच त्याला ते कळणार नव्हतं. ती त्यांचे पाय बघत होती. पाय जिथे जातील तिथे तिची बोटं जात होती. तिचं नाक वाहत होतं, पुसायला हात नव्हता. ती थांबू शकत नव्हती. कडवं संपलं तर पुढचं, ते संपलं तर त्याच्या पुढचं, संध्याकाळपर्यंत, पेटी पुरून लोक घरी जाईपर्यंत, ती वाजवणार होती.

बाबांचा चेहरा सुखी होता. तेच बघवत नव्हतं.

काकू वळली. तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहत राहिली. माईक तिच्या हातून खाली आला, मांडीशी लोंबला. मग ती ड्रमला वळसा घालून भिंगरीपाशी आली आणि तिने आपला तळहात बासच्या तारांवर ठेवला. जोरात नाही. झोपलेल्या मुलाच्या छातीवर ठेवतात तसा.

जमीन थांबली.

बाबांचे पाय आधी थांबले, मग हात. त्यांनी डोळे उघडले. समोरच्या माणसांकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, एक पट्टी दाबली, सोडली, परत दाबली. आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्ठ्या आवाजात, पार मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं, विचारलं,

"काय झालं? लाईट गेले का?"

छतावरची ट्यूब न् ट्यूब जळत होती. पंखे फिरत होते.

पास्टर पुस्तकात बघत होते. मोठ्या काकांनी तोंड फिरवलं होतं. लाडोबा अजून वाकलेलाच होता, प्लग हातात घेऊन. आईच्या घशातून काहीच येईना, ओरडता ओरडता तिथला सगळा साठा जणू संपून गेला होता.

काकू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिचे ओठ त्यांना नीट दिसतील अशी.

"हो भाऊजी," ती म्हणाली. "गेले."

बाबांनी वर पाहिलं. ट्यूबकडे, मग फिरणाऱ्या पंख्याकडे. मग हळूहळू खाली, तिच्या तोंडाकडे.

"बरं," ते म्हणाले, आणि ऑर्गनचं झाकण लावलं.